लांब मुक्कामात मोटरहोमची टाकी: पाणी भरत नाही, भरलं तर टिकत नाही

मोटरहोम, म्हणजे स्वयंपाक-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन शनिवार-रविवारच्या सहलीला गेलं तर हा प्रश्न येत नाही. मुंबईतून निघताना टाकी भरायची, रविवारी रात्री परत. खरी अडचण सुरू होते ती आठ-दहा दिवस एकाच जागी मुक्काम ठोकल्यावर. चाकांखाली ठोकळे लावलेले, बाजूचं छत उघडलेलं, बाहेर टेबल-खुर्च्या मांडलेल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडी घासता घासता नळातून नुसती हवा येते. कॅम्पचा नळ गाडीपासून चांगला लांब. गाडी नळापाशी न्यायची म्हणजे अख्खा संसार आवरायचा आणि परत मांडायचा. म्हणून मग लोक कॅन वाहतात, नळी ओढतात, आणि तरी टाकी म्हणावी तशी भरत नाही, किंवा भरली असं वाटतं आणि दुसऱ्याच दिवशी संपते.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय टाकीतलं पाणी नळाला पोहोचवणाऱ्या पंपावर. पंप बदलला जातो, चांगले पैसे मोजले जातात, आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा तेच. माझं यावर ठाम मत आहे: पंप सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पाणी जिथून येतं तो नळ, मग नळापासून गाडीपर्यंतची वाट, मग टाकीची हवा, आणि मग पंप. हा क्रम सोडला की दोष एकीकडे आणि पाना दुसरीकडे फिरतो.

आधी नळ बघू.

मुंबईकराला पाण्याची वेळ समजावून सांगावी लागत नाही. चाळीत असो की टॉवरमध्ये, पाणी कधी येतं आणि कधी जातं हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. कॅम्पवर गेल्यावर मात्र नळ म्हणजे चोवीस तास पाणी असं आपण धरून चालतो. बहुतेक कॅम्पवर बोअर किंवा विहिरीचं पाणी दिवसातून एक-दोनदा वर चढवतात आणि न्हाणीघरांच्या छतावरच्या टाकीतून ते सगळ्या नळांना उतरतं. त्या टाकीची उंची हेच तिथलं प्रेशर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं. कॅम्पवरची टाकी असते जेमतेम तीन मीटरवर, आणि आपल्या गाडीचं पाणी भरायचं तोंड जमिनीपासून मीटरभर उंच. म्हणजे हातात उरला दोन मीटरचा उतार. त्यात सकाळी सात ते नऊ सगळ्यांच्या आंघोळी, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणीही उतरलेलं.

पोहोचलात की आधी तिथली व्यवस्था बघणाऱ्या काकांना गाठा. "काका, मोटर किती वाजता लावता?" हा एकच प्रश्न पुरतो. मोटर लावून झाल्यावर अर्ध्या तासाने टाकी तुडुंब असते आणि नळाला धारही बरी असते. दुपारची वेळ उत्तम, कारण तेव्हा कोणी आंघोळ करत नसतं. शिवाय विचारून पाणी घेतलं की काकांनाही बरं वाटतं. गाडीवाला न सांगता नळी लावून बसला, तर बाकीच्या तंबूंचं पाणी जातं आणि बोलणी काकांना खावी लागतात.

मग बादली लावा. वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघा. मिनिटाभरात भरली तर नळाचा दोष नाही. चार मिनिटं लागली तर तो नळ मिनिटाला पाचच लिटर देतोय. शंभर लिटरची टाकी थेट नळाखाली धरली तरी वीस मिनिटं लागणार, नळी लावल्यावर आणखी जास्त. तिथे गाडीत काही बिघडलेलं नाही, वेळ बदला किंवा नळ बदला.

नळ निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. शौचालयाच्या भिंतीला लागून असलेल्या नळावर लोक टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी पेटी, धुतात, आणि धुताना तिचं तोंड नळाला टेकतंच. त्या नळाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, तो कितीही जवळ असला तरी. दुसरा नळही वापरण्याआधी त्याचं तोंड पुसून घ्या आणि थोडं पाणी वाहून जाऊ द्या.

आता वाट. इथे दोन पर्याय आहेत: नळी किंवा कॅन.

नळी आणायची तर बागेची हिरवी नळी नको. उन्हात तापली की तिच्यातून प्लास्टिकचा वास पाण्यात उतरतो आणि तो वास चहातसुद्धा लागतो. पारदर्शक नळीत उजेड जातो, आतून शेवाळ धरतं. नागदेवी स्ट्रीटवर नळ्यांची दुकानं ओळीने आहेत. तिथे 'फूड ग्रेड' असं स्पष्ट विचारून, शक्यतो आतून पांढरी आणि बाहेरून गडद अशी घ्या. जाडीचा फरक फार मोठा आहे. लांबी आणि प्रेशर तेवढंच ठेवून अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळी लावली तर पाणी जवळपास तिप्पट येतं. कॅम्पवरच्या कमी प्रेशरला पाऊण इंचीच हवी. ती जड असते, गुंडाळायला कटकट होते, तरी तीच घ्या.

आपल्याकडच्या कॅम्पवरच्या बहुतेक तोट्यांना बाहेरून आटे नसतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारी टक्कन बसणारी कनेक्टर्स इथे उपयोगाची नाहीत. रबराचा तुकडा आणि स्क्रूने आवळायचा क्लॅम्प, हेच खात्रीचं. दोन मापांचे क्लॅम्प आणि एक पेचकस नळीबरोबरच पिशवीत असू द्या. नळी लावल्यावर पहिलं मिनिटभर पाणी झाडाला सोडा, मगच टाकीला. नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका. वरची टाकी रिकामी असताना नळात ओढ बसली तर तुमच्या टाकीतलं पाणी उलटं कॅम्पच्या पाइपात जाऊ शकतं. काम झालं की नळी उतारावर धरून पूर्ण निथळवा आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवा, म्हणजे आत मुंग्या-झुरळं जात नाहीत.

लांब मुक्कामात मला स्वतःला कॅनच जास्त पटतात. इंग्लंड-युरोपात कॅराव्हॅनवाले चाळीसेक लिटरचं पिंप जमिनीवरून घरंगळत आणतात; कल्पना छान आहे, पण आपल्याकडच्या खडी-मुरुमाच्या वाटेवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि सामानाची मोठ्या चाकांची ट्रॉली जास्त चांगली चालते. अवघड भाग वाहण्यात नाही, ओतण्यात आहे. वीस लिटर म्हणजे वीस किलो, ते छातीच्या उंचीवर धरून नरसाळ्यात नेम धरून ओतायचं. अर्धं सांडतं आणि कंबर धरते. यासाठी बारा व्होल्टचा छोटा बुडता पंप घ्या. गाडीच्या लायटर सॉकेटवर चालतो, कॅनमध्ये सोडायचा, नळीचं टोक गाडीच्या तोंडात खुपसायचं, दोन-तीन मिनिटांत कॅन रिकामा. घेताना दोनच गोष्टी तपासा: तो तुमच्या कॅनच्या तोंडातून आत जातो का, आणि दीड मीटर उंचीला तो किती पाणी देतो. डब्यावर छापलेला मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. आणि कॅन संपला की लगेच बंद. कोरडा फिरला की तो जळतो.

कॅन घेतले की सवयही बदलते, आणि खरा फायदा तिथेच आहे. टाकी संपण्याची वाट बघायची नाही. दोन माणसं, आंघोळ कॅम्पच्या न्हाणीत आणि गाडीत फक्त स्वयंपाक, भांडी, हात-तोंड धुणं, असा हिशेब धरला तर रोज तीस-चाळीस लिटर जातं. म्हणजे दुपारी दोन कॅन आणले की दिवसाचं पाणी दिवसाला परत भरलं. टाकी कधी अर्ध्याखाली जात नाही, पंप हवा ओढत नाही, तळचा गाळ वर येत नाही. एक लक्षात ठेवा: आत गेलेलं पाणी कुठेतरी बाहेरही येतं. सांडपाण्याची टाकी त्याच वेळी रिकामी केली नाही तर ते गाडीतल्या न्हाणीच्या जाळीतून वर येतं.

आता टाकीची हवा. मुक्कामात होणाऱ्या तक्रारींचं मूळ मला सर्वात जास्त वेळा इथेच सापडलंय, आणि इथेच कोणी बघत नाही.

टाकीत पाणी जायचं तर आतली हवा बाहेर यायला हवी, आणि पाणी काढायचं तर बाहेरची हवा आत. यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघते आणि भरायच्या तोंडाजवळ किंवा गाडीखाली उघडते. ही चोंदली की तीन लक्षणं दिसतात. भरताना गुडगुड होऊन पाणी उलटं तोंडावर उडतं आणि टाकी भरली असं वाटतं, प्रत्यक्षात ती अर्धी असते. वापरताना नळाची धार सुरुवातीला चांगली आणि दोन-चार मिनिटांनी बारीक होत जाते. आणि पंपाचा आवाज जड येतो, दम लागल्यासारखा.

तपासणी अगदी सोपी. आतला नळ सोडून ठेवा, धार बारीक झाली की बाहेर जाऊन टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि धार पुन्हा मोठी झाली, तर दोष नक्की हवेच्या नळीचा. पंपाला हात लावायचं कारण नाही.

ही नळी चोंदते कशाने? एक म्हणजे झोळ. बांधणाऱ्याने क्लिपा कमी मारल्या की नळी मध्येच लोंबते, खालच्या वळणात पाणी साठतं आणि ते बुचासारखं बसतं. हाताने चाचपत जा, झोळ सापडला की नळी वर ओढून दोन क्लिपा मारा, सतत चढ राहील अशी.

दुसरं कारण कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला हमखास: कुंभारीण माशी. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तिला ही पेन्सिलीएवढी नळी घरट्यासाठी आयती मिळते. दहिसरला एका मित्राची गाडी पावसाळाभर झाडाखाली उभी होती. दिवाळीत किहीमला टाकी भरेना; नळी बदलून झाली, नळ बदलून झाला. शेवटी गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारला तर हवेच्या नळीचं टोक मातीने लिंपलेलं, नखाने टोकरलं तरी निघेना इतकं कडक, वरून गुळगुळीत. ते टोक कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवलं, माती मऊ झाली, मग बोटभर आत तार फिरवल्यावर मातीचा एकेक कप्पा खाली पडला, आत सुकलेल्या अळ्या. टोकाला बारीक स्टीलची जाळी तारेने आवळली आणि प्रश्न कायमचा मिटला. चाळीस-पन्नास रुपयांच्या जाळीचं हे काम आहे. गाडी उभी करण्याआधीच करा. एक काळजी घ्या: मातीच्या गोळ्याला वरून हवा मारू नका, तो टाकीत पडतो आणि मग गाळणीत जाऊन बसतो. नेहमी बाहेरच्या दिशेनेच काढा.

याला जोडूनच गाडीचा कल. झोपायला नीट सपाट वाटलं म्हणजे टाकी सपाट असेलच असं नाही. पाणी ओढायची नळी टाकीच्या एका कोपऱ्यात असते. गाडी उलट्या बाजूला कलली की दहा-पंधरा लिटर पाणी दुसऱ्या कोपऱ्यात पडून राहतं आणि पंप हवा ओढू लागतो. आणि हवेच्या नळीची बाजू खाली कलली असेल तर टाकी पूर्ण भरण्याआधीच हवेच्या नळीचं तोंड पाण्यात जातं, म्हणजे भरणं मध्येच थांबतं. पाणी ओढण्याचा कोपरा कोणता हे गाडी बांधणाऱ्याकडून विचारून घ्या आणि उभी करताना तो कोपरा किंचित खाली राहू द्या. मीटरवर विसंबू नका. पाऊण, अर्धा, पाव असे दिवे दाखवणाऱ्या मीटरच्या सळयांवर क्षार साचला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. किती कॅन घातले हे वहीत लिहिलेलं कोणत्याही दिव्यापेक्षा खरं.

पाणी आलं, पण कसलं आलं?

अलिबाग, नागाव, काशीद या पट्ट्यात समुद्रालगतच्या विहिरी-बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते टाकीत घेतलं की गीझरच्या कॉइलवर आणि मीटरच्या सळयांवर थर बसतो. खिशात मावणारं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, जवळ असू द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. मीटर हजाराच्या पुढे गेलं की मी ते पाणी फक्त पाय आणि भांडी धुण्यापुरतं, बादलीत बाहेरच घेतो, टाकीत नाही. हे मीटर जंतू दाखवत नाही, हे मात्र नीट लक्षात असू द्या. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध असं होत नाही. पिण्यासाठी वेगळा वीस लिटरचा जार ठेवणं आणि टाकीचं पाणी न पिणं हाच सरळ मार्ग.

मुंबईत भरून निघालेलं पालिकेचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, म्हणून पहिले दोन दिवस काही जाणवत नाही. पण गरम हवेत टाकीतलं क्लोरीन लवकर उडतं, आणि वर आपण विहिरीचं पाणी मिसळत राहतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कुबट वास येतो तो यामुळे. मुक्कामात घातलेल्या प्रत्येक कॅनला औषधांच्या दुकानात मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला, अर्धा तास थांबा, मग टाकीत सोडा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर आधी कॅनमध्येच तुरटी फिरवून निवळू द्या आणि वरचं पाणी दुहेरी कापडातून घ्या. गढुळात क्लोरीन नीट काम करत नाही.

घरी परतल्यावर टाकी एकदा धुवायची. सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट, 5 टक्क्यांचं, शंभर लिटर पाण्याला शंभर मिलिलिटर. यातून लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. आधी फिल्टरची कार्ट्रिज काढून ठेवा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, चार तास तसंच ठेवा, मग रिकामं करून साध्या पाण्याने दोनदा धुवा. त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कसलंही ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हे पाणी विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका.

पाणी कुठून घ्यायचं याबद्दल एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. बायका हंडे घेऊन उतारावरच्या विहिरीपर्यंत जातात. त्या दिवसांत त्या भागात मुक्काम करणार असाल तर टाकी आणि कॅन मुंबईतूनच भरून न्या, आणि गावच्या नळाला किंवा विहिरीला आपली नळी लावू नका, कोणी "घ्या की" म्हटलं तरीही. पाणी संपलं तर शहापूर किंवा आसनगावात जाऊन विकतचे जार आणा. मुंबईत निघताना भरतानाही सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. पाणीकपात चालू असेल तर शंभर लिटर ही लहान गोष्ट नाही.

हे सगळं तपासून झालं आणि तरी तक्रार आहे, तर आता पंप.

पंपाच्या अलीकडे पारदर्शक वाटीची गाळणी असते. पंपाचा स्विच बंद करून ती फिरवून काढा, जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा. बसवताना रबरी वायसर वाकडा बसला की तिथून हवा शिरते. पाणी गळत नाही म्हणून हे कळत नाही, पण पंप फुरफुरत राहतो. टाकी एकदा पूर्ण संपली असेल तर पाइपात हवा धरते. निदान पाव टाकी भरा, थंड पाण्याचे सगळे नळ उघडा, धार सलग झाली की एकेक बंद करा, मग गरम पाण्याचे. गरम नळातून सलग धार येईपर्यंत गीझर लावू नका, कोरडी कॉइल जळते.

नळ उघडल्यावर आतले दिवे मंद होत असतील तर दोष बॅटरीचा किंवा सैल वायरीचा आहे. सगळे नळ बंद असूनही पंप रात्री मध्येच क्षणभर वाजत असेल तर कुठेतरी बारीक गळती आहे: टॉयलेटच्या फ्लशचा व्हॉल्व्ह आधी बघा, मग गीझरची जोडणी, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून. ओला होईल तो सांधा आवळा. तोवर झोपताना पंपाचा स्विच बंद ठेवा. दिवसभरात वाहून आणलेले दोन कॅन एका ठिबकणाऱ्या सांध्यातून सकाळपर्यंत जमिनीत जाऊ शकतात.